कडू पाण्याची भिंत

केसरच्या बाथरूमचा नळ दहा दिवस बंद होता आणि सगुणेची भिंत तरीही ओली होती.

सोमवारी सकाळी कंटेनर यार्डात झाडू मारायला निघण्याआधी सगुणेनं रोजच्यासारखा भिंतीला हात लावला, तापकरी माणसाच्या कपाळाला लावावा तसा. तळवा ओला झाला. तो पदराला पुसता पुसता ती थांबली. पौष निम्मा सरला होता. पाऊस जाऊन तीन महिने झाले होते. केसर लेकीच्या बाळंतपणाला माणगावला जाताना मीटरजवळचा कॉक करकचून आवळून गेली होती. सगुणेनं ते खिडकीच्या फटीतून स्वतः बघितलं होतं. गेली तीन वर्षं केसर काय करते ते बघत राहणं हे तिचं एक कामच होऊन बसलं होतं.

"अवो," तिनं नवऱ्याला हाक मारली. "ह्ये पानी येतंय कुठनं?"

धर्मा पायात बूट घालत होता. यार्डाच्या गेटवर वॉचमन असल्यानं त्याला बूट लागत. "कुठनं म्हंजे? तिच्या पायपात साठलेलं असंल. मुरतंय हळूहळू."

"धा दिस?"

"तुला आता तिचा वकील व्हायचाय काय?"

जाता जाता सगुणेनं बंबाजवळचा कोळसा उचलला आणि भिंतीवर ओलीच्या कडेनं एक रेघ ओढली. सून विनिता पोळ्या लाटता लाटता बघत होती.

"आई, आता चित्र काढायचं राहिलं होतं होय भिंतीवर?"

"असूं दे. पुसू नको."

घर एकच, पण मधोमध भिंत. अलीकडं धर्मा, पलीकडं त्याचा धाकटा भाऊ हिरामण. हिरामण पाच वर्षांमागं काविळीनं गेला. त्याची बायको केसर एकटी राहिली. तिचा गुडघा गेला, परसातल्या संडासापर्यंत जाणं होईना, म्हणून तीन वर्षांमागं तिनं मधल्या भिंतीला लागून बाथरूम बांधलं. त्याच वर्षी सगुणेच्या बाजूनं भिंत ओली झाली. विनिताचं लग्नातलं कपाट मागून फुगलं, शालूला बुरशी आली. गावाला याहून जास्त पुरावा लागत नाही.

तरी धर्मानं अलिबागहून एक माणूस आणला होता. वरद नाव, गळ्यात ओळखपत्र. त्यानं खेळण्यातल्या बंदुकीएवढं यंत्र भिंतीला टेकवलं, यंत्र टिक टिक वाजलं. पलीकडं जाऊन बघायला त्याला वेळ नव्हता, त्याला अजून दोन घरं करायची होती. कागदावर मात्र त्यानं सही करून लिहिलं, 'शेजारील स्नानगृहातून गळती.' मग भिंतीला अठरा भोकं पाडली, पिचकारीनं आत दुधासारखं पांढरं रसायन भरलं, भोकं बुजवली आणि दहा वर्षांची हमी देऊन गेला. महिन्याभरात पहिली ओल त्या अठरा भोकांभोवतीच फुटली. फोन केला तर म्हणाला, "मॅडम, आधी सोर्स बंद करा." असली माणसं न बघता लिहितात आणि आपण ते देव्हाऱ्यात ठेवतो.

तो कागद घेऊन सगुणा गावकीत गेली. गावची रीत अशी, की ज्याची तक्रार त्यानं देवीपुढं नारळ मांडायचा. निवाडा होऊन काम पुरं होईपर्यंत नारळ तिथंच. तक्रार खोटी निघाली तर मांडणाऱ्यानंच तो उचलायचा आणि ज्याच्यावर आळ घेतला त्याच्या उंबऱ्यावर फोडायचा. सगुणेच्या आठवणीत असा नारळ कुणी उचललेला नव्हता. गावात खोटं कुणी बोललं नाही असं नाही. उचलायला कंबर वाकत नव्हती, एवढंच.

गावकीनं कागद वाचला. बाथरूम फोडायचं ठरलं. केसर म्हणाली, "लेकीचं आटपून येते. पळून न्हाय जात." मुदत पडली येत्या शनिवारची.

*

मंगळवारी पहाटे मतलई सुटली. डोंगराकडून येणारा तो कोरडा, गार वारा ओठ फोडतो. सगुणा उठली ती थेट भिंतीकडं. ओल कोळशाच्या रेघेपासून चार बोटं मागं गेली होती. मधल्या पट्ट्यात पांढरी लव उगवली होती, कापसासारखी. फुंकर मारली तर उडाली.

"बग," ती विनिताला म्हणाली. "सुकतीय."

"म्हणजे बाथरूममुळंच होतं. नळ बंद, भिंत सुकली. झालं की."

"मग काल का न्हाय सुकली?"

सगुणेनं दुसरी रेघ ओढली.

बुधवारी वारा फिरला. खाडीकडून दाट धुकं आलं आणि दहा वाजेपर्यंत हललं नाही. ओल दोन्ही रेघा ओलांडून पुढं गेली. सगुणेनं तिसरी रेघ ओढली. तिला राग यायला हवा होता, पण वाटत होतं ते वेगळंच. लहानपणी बिळात काठी घालून खेकडा हाताला लागण्याआधी वाटायचं, तसं.

ती मागच्या दारानं गेली आणि केसरच्या बाथरूमच्या खिडकीला डोळा लावला. आत बादली पालथी होती. फरशी कोरडी ठणठणीत, तिच्यावर पाल. साबण सुकून मधोमध तडकला होता.

आत डोकावून तिनं आजवर का बघितलं नव्हतं? खिडकी तर तीन वर्षं तिथंच होती.

यार्डात त्या दिवशी कंटेनरना घाम फुटला होता. लोखंडावरून पाणी ओघळत होतं. या जागी पूर्वी मिठागर होतं. जिथं आता पाच-पाच कंटेनरच्या चळती उभ्या आहेत, तिथं मिठाच्या राशी असायच्या, वर गवत शाकारलेल्या. सगुणेनं वयाच्या बाराव्या वर्षापासून त्या राशी डोक्यावरून वाहिल्या. तिच्या टाळूवर अजून केस विरळ आहेत. मग भराव पडला, आणि मीठ वाहणाऱ्या बायकांना त्याच जमिनीवर झाडू मिळाला. मोठे उपकार.

जोडीला भागुबाई होती, तीही मिठागरातलीच. झाडू टेकवून तिनं कंटेनरवर बोट फिरवलं.

"आज रास असती तं रडली असती बघ. खारा वारा आला का मीठ रडायचं. मतलई सुटली का गप."

सगुणेचा झाडू थांबला. "काय बोललीस?"

"मीठ गं. इसारलीस? पाटी भरताना पाठीवरनं पानी गळायचं, पाऊस न्हाय न पानी न्हाय."

"ए मावशी! पगार गप्पांचा मिळतो काय?" सुपरवायझर ओरडला. पोरगा तिच्या लेकापेक्षा, दिपेशपेक्षा लहान होता. सगुणेनं मान खाली घातली आणि झाडायला लागली, पण आपण काय झाडतोय ते तिला दिसत नव्हतं.

*

गुरुवारी तिनं रजा टाकली. धर्मा गेटवर गेला, दिपेश ट्रेलर घेऊन न्हावा शेव्याकडं गेला, तेव्हा तिनं कपाट ओढून बाजूला केलं, भिंतीसमोर उभी राहिली आणि जीभ काढून भिंत चाटली.

"आई!" दारातून विनिता किंचाळली. "अहो, वेड लागलं काय? भिंत चाटताय?"

"गप."

सगुणेनं डोळे मिटले होते. मिठागरातल्या बाईची जीभ म्हणजे तराजू. कुठल्या वाफ्यातलं पाणी किती तापलंय, मीठ आज बसेल की उद्या, हे ती बोट बुडवून सांगायची. खारट तर होतंच. खाडीकाठी सगळंच खारट. पण खारटाच्या मागून आणखी एक चव आली, जिभेच्या मुळाशी चिकटून बसणारी. कडू. औषधासारखी कडू.

ही चव खाडीच्या पाण्याची नव्हती आणि नळाच्या तर नव्हतीच. मीठ बसल्यावर, ते ओढून घेतल्यावर, वाफ्यात जे पिवळट, तेलकट पाणी उरतं, त्याची होती. ते पाणी कुणी ठेवत नाही. बांधातला फाटा उघडून खाडीत सोडतात. अंगाला लागलं तर दिवसभर सुकत नाही.

ती मागं सरकली आणि पहिल्यांदा तिनं कोळशाची रेघ नुसती रेघ म्हणून बघितली.

ओल जमिनीपासून चढलेली नव्हती आणि छतापासून उतरलेलीही नव्हती. वरची कड कमानींची होती. एका शेजारी एक, शिंपल्यांसारख्या. तिनं पाटाजवळचा लोटा उचलला, रिकामाच, आणि भिंतीवर पाणी फेकल्यासारखा हात फिरवला. हात कमानीवरून गेला. एक पाऊल बाजूला सरकून पुन्हा फिरवला. दुसऱ्या कमानीवरून गेला. खांदा आता तेवढा उचलत नव्हता, पण अंतर तेच होतं.

फक्त कोपऱ्यातल्या चार कमानी हातभर वर होत्या. तिथं सगुणेचा हात कधीच पोचला नसता. तिथं उंच माणूस लागत होता.

लोटा तिच्या हातातून पडला नाही. तिनं तो नीट जागेवर ठेवला आणि मग खाली बसली.

सत्तावीस वर्षांमागचा वैशाख. तीन भिंतींचं प्लास्टर टँकरच्या पाण्यावर निभलं होतं. मधली भिंत शेवटी राहिली. दत्तू गवंडी सांगून गेला होता, चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा, नाहीतर प्लास्टरचा फुफाटा होईल. नळ चौथ्या दिवशी अर्धा तास. विहिरीत बेडूक. आणि घरामागं शंभर पावलांवर मिठागरातलं फुकट पाणी, वाफे भरून.

"वयनी, ह्ये चालंल?" हिरामणनं विचारलं होतं. तेव्हा त्याचं लग्नही झालं नव्हतं.

"न चालायला काय झालं? मिठात कैरी वरीसभर टिकते. सुकी मासली टिकते. भिंत काय सडनार हाय? उलट लोखंडावानी होईल."

हिरामण हसला आणि त्यानं कावड उचलली. चौदा दिवस दोघांनी पाणी मारलं. त्यानं कोपरा, तिनं बाकीची भिंत. कुणी वाण्याची बायको असती तर तिच्या डोक्यात हे आलंच नसतं. मिठावर जगलेल्या बाईच्याच डोक्यात येणार.

आणि मग चोवीस वर्षं भिंत सुकी का राहिली? विनिता हे विचारत होती, कारण सगुणा मोठ्यानं बोलत होती आणि सून दाराला टेकून सगळं ऐकत होती.

"हितं चूल होती." सगुणेनं कोपऱ्याकडं बोट केलं. "सकाल-सांज पेटायची. भिंत कायम तापलेली. तू आलीस, ग्यास आला, चूल काढून खोली तुमाला दिली."

"तीन वर्षांमागं."

"तीन वर्सांमागं."

बाहेर रिक्षा थांबली. केसर आली होती. एका हातात डब्यांची पिशवी, दुसरा हात रिक्षाच्या दांड्याला. उतरायला तिला बराच वेळ लागला. सगुणा खिडकीच्या फटीतून बघत राहिली. थोड्या वेळानं भिंतीपलीकडं नळ सुटल्याचा आवाज आला, आणि मग स्टीलच्या तांब्याचा.

*

धर्मानं सगळं ऐकून घेतलं. जेवला. हात धुतला. मग म्हणाला, "कोनाला बोललीस?"

"अजून न्हाय."

"बोलू पन नको. परवा तिचं बाथरूम फुटंल. चैत्रात ऊन तापलं का भिंत आपोआप सुकंल. समदे म्हनतील, बगा, सगुनाबाईचं खरं होतं. पुढच्या पावसाला पुढचं बगू."

नवरा मूर्ख नव्हता. हे अगदी तसंच झालं असतं. चैत्रात भिंत सुकली असती आणि गावानं मान डोलावली असती.

"आनि तिनं काय करायचं? गुडघ्यावर रांगत परसात जायचं?"

"तीन वर्सं तुलाच पायजे होतं ना? मी सांगितला व्हता नारळ मांडायला?"

"न्हाय. मीच मांडला."

"मग? नारळ उचललास तं गावात मी तोंड कसं दाखवू?"

"गेटवर बसून बसून तुमची पाठच गावाला ओळखीची झालीय. तीच दाखवा."

धर्मानं ताट सरकवलं आणि बाहेर जाऊन बाकड्यावर बसला. विनिता तोंडाला पदर लावून आत पळाली.

शुक्रवारी यार्डातून सुटल्यावर सगुणा दत्तू गवंड्याकडं गेली. म्हातारा आता काम करत नाही, मोतीबिंदू झालाय. पण आला. भिंतीवर नखानं ओरखडा काढला, वास घेतला, आणि सगुणेनं सांगितल्यावर तोही चाटला. थुंकला.

"वयनी, मी पाणी मारा म्हणालो होतो. कुठलं ते सांगायचं राहिलं."

"तुज्या अंगावर नको घेऊ. मना अक्कल नव्हती व्हय?"

"त्या दुधाच्या पिचकाऱ्या कुणी मारल्या?"

"मशीनवाल्यानं."

"पाणी येत असतं तर अडलं असतं. हे येत नाही, हे आतच बसलंय. हवेतली ओल पितं आणि बाहेर टाकतं." म्हाताऱ्यानं आंधळ्यासारखा हात फिरवत कमानी शोधल्या. "विटेपर्यंत सोला. ओलीच्या वर हातभर जास्त. तारेच्या ब्रशनं कोरडंच घासा, पडेल ते घमेल्यात भरून लांब टाका. धुवायला जाल तर मीठ परत आत. मग शेतातली चिकणमाती गोड्या पाण्यात कालवून लेप द्या. गळवाला पोटीस बांधतात तसा. माती मीठ ओढते. वाळला की खरवडून फेका, दुसरा द्या. जिभेला गोड लागेपर्यंत."

"आनि मग?"

"मग चुन्याचं प्लास्टर. नदीची रेती. आणि पाणी..."

"गोडं," सगुणा म्हणाली.

*

शनिवारी नऊ वाजता केसरच्या दारात दोन माणसं घण घेऊन उभी होती. गावकीचे अध्यक्ष प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. आठ-दहा बघे जमले होते, कुणाचं काही फुटत असलं की जमतात तसे. केसर पायरीवर बसलेली, गुडघ्याला पट्टा, चेहरा दगड. बादली, साबणदाणी, आरसा तिनं आधीच बाहेर काढून ओळीनं मांडले होते.

सगुणा देवळाच्या बाजूनं आली. हातात नारळ होता. शेंडी सुकून काळी पडलेली.

एक बघ्या म्हणाला, "ह्यो तं मांडलेला नारळ."

"माजाच हाय," सगुणा म्हणाली. ती केसरच्या उंबऱ्यापाशी वाकली. कंबर दुखत होती आणि ते सगळ्यांना दिसत होतं. नारळ पहिल्या फटक्यात फुटला नाही. दुसऱ्यातही नाही. मागून कुणीतरी हसलं. तिसऱ्यात फुटला, पाणी उंबऱ्यावर सांडलं.

"भिंत माज्या करनीनं ओली हाय. मिठागराचं कडू पानी मीच मारलं, घर बांदलं तवा. हिच्या बाथरूमचा थेंब न्हाय त्यात."

अध्यक्ष खुर्चीत सावरून बसले. "मग तीन वर्षं काय झोपली होतीस? गावाचा वेळ काय फुकटचा आहे? बायकांच्या भांडणात..."

"मी झोपले व्हते. तुमी तं जागे व्हतात ना?" सगुणेचा आवाज चढला. "मशीन बघितलं, कागद बघितला. तुमच्यातला येक तरी हितं आत वाकला? धा दिस नळ बंद व्हता. हिचा साबन तडकलाय. कोनी बघितला?"

अध्यक्षांनी चप्पल शोधली.

घणवाली माणसं निघायला लागली, तशी सगुणेनं त्यांना अडवलं. "घन घेऊन आलाव तं रिकामं जाऊ नका. इकडं या. माज्या घरात फोडायचंय."

ती पुढं गेली. मागून घसटत येणारं पाऊल तिनं ऐकलं, पण वळून बघितलं नाही.

केसर तीन वर्षांनी या खोलीत आली. कपाट बाजूला, भिंत उघडी, तिच्यावर कोळशाच्या रेघा. सगुणेनं प्लास्टरचा एक टवका काढून तिच्यापुढं धरला.

"चाट."

केसरनं चाटला. तोंड वाकडं झालं. "थू! शी, कडू जहर." मग रेघांकडं बघून म्हणाली, "ह्ये काय? चंद्रकोरी काडल्यास?"

"लोट्याचे हात हायत. ह्ये माजे." सगुणेनं बोट वर कोपऱ्याकडं नेलं. "त्ये हिरामनचे."

केसर कोपऱ्यात गेली. गुडघा सांभाळत तिनं भिंतीला टेकून हात वर केला. बोटं कमानीच्या बरीच खाली राहिली. टाचा उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही. घणवाल्यानं घण खाली टेकवला आणि जमिनीकडं बघत उभा राहिला.

"एवडा उंच व्हता," केसर म्हणाली. सगुणेला उद्देशून नाही. भिंतीलाच.

मग ती बाजूला झाली. "फोडा."

*

मातीचे चार लेप लागले. पहिला वाळल्यावर त्याच्यावर इतकी पांढरी बुरी आली की विनिता म्हणाली, आई, पाटी भरून विकायला न्या. चौथ्याला सगुणेची जीभ गोड म्हणाली. धर्मानं कुणाशी बोलणं टाकलं होतं, पण घमेली तोच उचलून लांब टाकून येत होता.

प्लास्टर झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सगुणेच्या नळाला पाणी नव्हतं. पिंपात तळाला चार तांबे. ती लोटा घेऊन भिंतीसमोर उभी राहिली, तेवढ्यात मागच्या खिडकीच्या गजांतून हिरव्या पाइपचं तोंड आत आलं. पलीकडं टोक केसरच्या बाथरूमच्या नळाला होतं. टाकी तिची भरलेली होती.

तीन वर्षांत केसर स्वतःहून पहिल्यांदा बोलली ती खिडकीबाहेरून.

"धरलास? थांब, मारू नको. आदी चाख."

सगुणेनं ओंजळीत पाणी घेतलं, जिभेवर घोळवलं.

"गोडं हाय."

"तुज्या जिभेचा भरोसा न्हाय मना."

केसर दारानं आत आली, एक हात भिंतीला, एक गुडघ्याला. पाइप घेऊन तिनं स्वतः घोट घेतला, गिळला. मग सगुणेनं लोटा भरून हात फिरवला. पाणी पूर्वीच्या कमानीइतकं चढलं नाही, कोपरा तर कोरडाच राहिला. केसरनं पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला. धार वर उडाली आणि कोपऱ्यापर्यंत पोचली.

"तू खाली मार," ती म्हणाली. "त्येवडं मी बगते."